टाके निघाले, पुढे काय?

हर्नियाची शस्त्रक्रिया झाली, जखम भरली. पण पुण्यात खराडीच्या आयटी पार्कात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला, किंवा तिथल्याच बांधकामावर सिमेंटची पोती उचलणाऱ्याला बरं वाटतंय का, हे सोनोग्राफीत दिसत नाही. ते विचारावंच लागतं.

त्यासाठी ठरावीक प्रश्नावल्या आहेत. पचनसंस्थेच्या रुग्णांसाठी 1995 साली आलेल्या एका प्रश्नावलीत 36 प्रश्न आहेत आणि कमाल गुण 144. जितके गुण जास्त, तितकं जगणं सुसह्य. हर्नियाच्या जागी जाळी बसवलेल्यांसाठी अमेरिकेतल्या कॅरोलिनात वेगळी प्रश्नावली बनली. झोपताना, वाकताना, खोकताना, जिना चढताना दुखतं का? जाळी जाणवते का? हालचाल अडते का? उत्तरं शून्य ते पाच; इथे मात्र गुण कमी तेवढे चांगले.

जाळी हाच एक मार्ग नाही. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पुण्याचं नाव परदेशी पोचलं ते डॉ. मोहन देसरडा यांच्यामुळे. जाळीऐवजी रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूआवरणाची पट्टी वापरण्याची त्यांची पद्धत 2001 साली प्रसिद्ध झाली. पोलंडमध्ये 208 रुग्णांवर तिची जाळीच्या पद्धतीशी तुलना झाली. तीन वर्षांनंतर दोन्हींचे निकाल जवळपास सारखेच निघाले.

पद्धत कुठलीही असो, बरं वाटतंय का हे विचारावंच लागतं. तिथे कॅरोलिनाच्या प्रश्नावलीतली एक उणीव मला खटकते. मांडी घालून जेवणं, उकिडवं बसणं तिच्यात नाहीच! आपल्या रुग्णाची खरी परीक्षा तर तिथे. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा. आणि शस्त्रक्रियेआधीचा त्रासही लिहून ठेवा. नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?