आधी पाणी, मग मासे



ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्यापाशी शिकण्याचे भाग्य मला लाभले. प्रयोगवहीत पुस्तकातले वाक्य उतरवलेले त्यांना खपत नसे. डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच लिहावे, असा त्यांचा दंडक होता. त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ माजी विद्यार्थ्यांनी यंदा शाळेला एक काचेची मत्स्यपेटी भेट दिली आहे. सभागृहात येताना आपण ती पाहिलीच असेल. तिच्यात वाळू आहे, पाणी आहे, वनस्पती आहेत. मासा मात्र एकही नाही. "सर, मासे कधी येणार?" असे मला आज निदान दहा जणांनी विचारले. उत्तर सोपे आहे: सुमारे सहा आठवड्यांनी. हा विलंब आळसापोटी झालेला नाही. मत्स्यपालनातील अर्धे शास्त्र या विलंबातच सामावलेले आहे, आणि तेच आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्राणिशास्त्राचा अध्यापक म्हणून अनेक वर्षे पालकांचे एकच गाऱ्हाणे माझ्या कानी येत असे. वाढदिवसाला पेटी आणली, त्याच संध्याकाळी दहा-बारा रंगीत मासे सोडले, आणि आठवडा-दोन आठवड्यांत एकामागून एक सगळे गेले. पाणी तर आरशासारखे स्वच्छ होते! मूल रडते, वडीलमंडळी म्हणतात, "मासे नाजूकच असतात." या वाक्यापाशी विचार थांबतो, ही खरी हानी आहे. कारण ते मासे नाजूक नव्हते. ते विषबाधेने मेले, आणि ते विष डोळ्यांना न दिसणारे होते.

हे विष कोठून येते? मासा आपल्या शरीरातील नत्रयुक्त मळ मुख्यत्वे अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. उरलेले अन्न आणि कुजलेली पाने यांतूनही अमोनियाच निघतो. नदीत तो वाहून जातो, विरळ होतो. पेटीत तो साठतो. पाणी जितके अल्कधर्मी आणि उष्ण, तितका तो अधिक घातक. निसर्गाने त्यावर उपाय ठेवला आहे. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइटही विषारीच, ते माशाच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणात असेल तर मासे ते सहन करतात आणि वनस्पती ते खत म्हणून घेतात. हे काम जिवाणूंचे आहे, ही गोष्ट सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास सिद्ध केली. दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारा जिवाणूही असतो, हे मात्र 2015 साली उघडकीस आले. आणि त्याचा एक शोध मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या गाळणीतच लागला.

हे जिवाणू वाळूच्या कणांवर, दगडांवर आणि गाळणीच्या स्पंजवर वस्ती करतात. त्यांची वाढ संथ असते. नव्या पेटीत त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आपल्या पेटीत आपण मासे न सोडता रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकणार आहोत. ते कुजेल, अमोनिया निघेल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. एखाद्या जुन्या, निरोगी पेटीतील स्पंजचा तुकडा मिळाला, तर विरजण लावल्याप्रमाणे हे काम लवकर होते. आठवीच्या विद्यार्थ्यांनी दर दोन दिवसांनी पाण्याची चाचणी घेऊन आलेख काढावयाचा आहे. अमोनिया चढेल आणि उतरेल. मागोमाग नायट्राइट चढेल आणि तेही उतरेल. वनस्पती अमोनियाचा वाटा उचलत असल्याने या टेकड्या ठेंगण्या दिसतील. खाद्य चालू असूनही दोन्ही रेषा शून्यावर येऊन तेथेच राहतील, त्या दिवशी पेटी तयार झाली असे समजावे. पंचांग पाहून नव्हे.

आता पेटीची रचना. आपली पेटी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. काचेच्या मापाने तीत सुमारे शंभर लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ऐंशी-पंच्याऐंशी लिटर. पाणी, वाळू व काच मिळून वजन शंभर किलोच्या वर जाते. तेव्हा आधारासाठी मजबूत आणि समतल मेज हवे. उंच पेटीपेक्षा लांबट पेटी बरी, कारण प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून आत येतो. बुडबुड्यांचा मुख्य उपयोगही पृष्ठभाग हलता ठेवण्याचाच. अरुंद तोंडाच्या गोल भांड्यात मासा ठेवणे किती अन्यायाचे, हे यावरून लक्षात येईल.

तळाशी नदीची बारीक वाळू, पाणी गढूळ होईनासे होईपर्यंत धुऊन, पुढे दोन इंच आणि मागे तीन इंच अशी उतरती पसरली आहे. दगड निवडताना त्यावर लिंबाचा रस पिळून पाहावा. फेस आला, तर त्यात चुना आहे. तो पाण्याला दुष्फेन करतो. आपल्याकडचा काळा दगड या परीक्षेत उतरतो. पाण्याबद्दल बोलावयाचे तर राकसकोपच्या जलाशयातले पावसाळी पाणी आणि कूपनलिकेचे पाणी यांच्या गुणांत फरक पडतो. म्हणून एकदा मोजून घ्यावे आणि पुढे तेच पाणी कायम वापरावे. माशाला आकड्यापेक्षा स्थैर्य प्रिय असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे व जिवाणू दोघांनाही मारतो. पाणी उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवले, किंवा त्यात योग्य प्रमाणात सोडियम थायोसल्फेट घातले, की ही बाधा टळते.

वनस्पती ही शोभेची वस्तू नव्हे. 1850 साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगाची हकिगत प्रसिद्ध केली. सुमारे बारा गॅलनच्या काचपात्रात त्याने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे ठेवली. काही काळाने जुनी पाने कुजू लागली आणि पाणी बिघडले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, त्यांची अंडी व पिले माशांना खाद्य झाली, आणि पात्र पुन्हा निर्मळ झाले. आधुनिक मत्स्यपेटीचा पाया घालणाऱ्या प्रयोगांत याची गणना होते. त्यातला बोध असा की, मासा आणि वनस्पती या जोडीला तिसरा सोबती लागतो: उष्टे-खरकटे उचलणारा. आज आपण जाणतो की त्या तिसऱ्याच्या मागे जिवाणूंची चौथी, न दिसणारी फौज उभी असते.

आपण मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया लावली आहे. तिची फितीसारखी पाने पाण्याच्या माथ्यापर्यंत जातात आणि धुमाऱ्यांनी तिची रांग आपोआप वाढते. लावताना मुळे वाळूत, पण पाने जेथून फुटतात तो गड्डा वाळूच्या वर राहिला पाहिजे. तो गाडला की रोप कुजते. दोन्ही कोपऱ्यांत हायड्रिला आहे, जी आपण प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात पाहिली आहे. ती झपाट्याने वाढते आणि म्हणूनच सुरुवातीच्या दिवसांत अमोनिया शोषून घेण्यास उपयोगी पडते. मधोमध क्रिप्टोकोरायनी आहे. या वंशातल्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आढळतात. जागा बदलली की तिची पाने कधीकधी विरघळून जातात. अशा वेळी तिला उपटू नये. मुळे जिवंत असतात आणि नवी पाने येतात. जावा फर्नचे खोड मात्र वाळूत न पुरता दोऱ्याने दगडाला बांधले आहे. दिवा रोज सात-आठ तासच लावावा. खिडकीचे ऊन अंगावर आले, की शेवाळाचे राज्य होते. आणखी एक समज दूर करावयाचा आहे. वनस्पती आहेत म्हणून हवेचा पंप नको, असे काही जण म्हणतात. पण रात्री वनस्पतीही प्राणवायूच घेतात.

आता माशांकडे येऊ. बाजारात सर्व मासे बोटभर दिसतात, आणि तेथेच फसगत होते. काच चाटणारा सकरमाउथ कॅटफिश दुकानात दोन इंचांचा असतो, पण पुढे फूटभर किंवा त्याहूनही मोठा होतो. गोल्डफिश थंड पाण्याचा, अधाशी आणि बराच मळ करणारा आहे. एंजलफिश लहान असताना गोंडस दिसतो, मोठेपणी लहान माशांना गिळतो. टायगर बार्ब संथ माशांचे पर कुरतडतो. म्हणून मासा निवडताना चार प्रश्न विचारावेत: पूर्ण वाढीत हा केवढा होईल? पाण्याच्या कोणत्या थरात राहील? त्याला कळप लागतो काय? आणि शेजाऱ्याला तो सुखाने राहू देईल काय?

या कसोटीवर मी तीन जाती सुचविल्या आहेत. पहिली झेब्रा डॅनियो: दीड इंचाचा, निळ्या पट्ट्यांचा, वरच्या व मधल्या थरात धावणारा. याला कळप हवा, म्हणून आठ. दुसरी हनी गुरामी: दोन इंचांच्या आतबाहेर, शांत, थोडी लाजाळू. हिला हवेतून श्वास घेता येतो, त्यासाठी ती मधूनमधून वर येते. एक नर आणि दोन माद्या, अशा तीन. डॅनियोची धावपळ तिला जाचू नये म्हणून कोपऱ्यांतली झाडी दाट ठेवली आहे. लागवड आणि माशांची निवड ही एकाच विचाराची दोन अंगे आहेत. तिसरे लोच: तळाशी राहणारे, मिशांचे, संध्याकाळी हिंडणारे लहान मासे, असे पाच. वाळू बारीक घेतली ती यांच्या मिशा झिजू नयेत म्हणून. एकूण सोळा. "एवढेच?" असे आपण म्हणाल. पण वीज गेली की पंप थांबतो, आणि त्या तासांत गर्दी नसणे हाच माशांचा विमा असतो.

झेब्रा डॅनियो आणि हनी गुरामी या दोन्ही जातींचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन याने 1822 साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या ग्रंथात केले. तोच झेब्रा डॅनियो आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, कारण त्याचा भ्रूण पारदर्शक असतो आणि दोन-तीन दिवसांत अंड्याबाहेर येतो. त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा 2013 साली प्रसिद्ध झाला. आपल्या शाळेतील एखादी मुलगी साध्या भिंगातून त्याचे धडधडणारे हृदय पाहील, तेव्हा ती त्याच प्राण्यापुढे उभी असेल, ज्याच्यापुढे मोठमोठे संशोधक उभे आहेत.

सोळाही मासे एकाच दिवशी सोडावयाचे नाहीत. प्रथम डॅनियो, दोन आठवड्यांनी गुरामी, आणखी दोन आठवड्यांनी लोच. प्रत्येक नव्या तुकडीबरोबर जिवाणूंवरचा भार वाढतो आणि त्यांना वाढण्यास अवसर द्यावा लागतो. नवे मासे आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत, म्हणजे रोग पेटीत येत नाही. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग हळूहळू पेटीतले पाणी तीत घालावे. डॅनियो उडी मारतो, तेव्हा झाकण विसरू नये. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. आठवड्यातून एकदा चतुर्थांश पाणी बदलावे. स्पंज नळाखाली कधीही धुवू नये. काढलेल्या पेटीच्याच पाण्यात पिळावा, नाहीतर सहा आठवड्यांची कमाई एका मिनिटात वाहून जाते.

शेवटचा मुद्दा पेटीच्या बाहेरचा आहे, पण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. पुष्कळ लोक कंटाळा आला किंवा मासा मोठा झाला, की त्याला नदीत किंवा तळ्यात सोडतात आणि आपण पुण्य केले असे मानतात. वर सांगितलेला सकरमाउथ कॅटफिश अशाच रीतीने भारतातील अनेक जलाशयांत पसरला आहे आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठला आहे. कोणी म्हणेल, आपले डॅनियो तर भारतीयच आहेत. होय, पण नदीला देशाच्या सीमा ठाऊक नसतात. तिला आपले खोरे ठाऊक असते. आपल्या खानापूर तालुक्याचेच पाहा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेकडे कृष्णेला मिळते, आणि म्हादई त्याच तालुक्यात उगम पावून पश्चिमेला गोव्यातून समुद्राला जाते. एका डोंगराच्या दोन उतारांवर दोन वेगळी जलसृष्टी नांदते. गोव्याच्या आणि लगतच्या ओढ्यांतील एका लहानशा बार्बची शास्त्राला ओळख पटली ती 1992 साली. असे अजून कितीतरी जीव आपल्या ओढ्यांत असतील. त्यांच्या घरात परका पाहुणा सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. तसेच त्यांना हौसेखातर पकडून आणण्याचाही नाही. केरळच्या नद्यांतील डेनिसन बार्ब हा देखणा मासा परदेशी हौसेसाठी इतका उपसला गेला की त्याचे नाव धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेले.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, माशांची जबाबदारी घेताना ती त्यांच्या अखेरीपर्यंतची घ्या. जास्त झालेले मासे दुसऱ्या शाळेला द्या, मित्राच्या पेटीला द्या, नदीला देऊ नका. सुटीत कोण येणार, खाद्य कोण घालणार, पाणी कोण बदलणार, याची पाळी आजच फळ्यावर लिहून ठेवा. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना धीराने पाहणारा विद्यार्थी सर्वाधिक प्रिय होता. येत्या सहा आठवड्यांत तुमच्या आलेखवहीत जे उतरेल, ते मला कळवा. त्यात पुस्तकातले वाक्य नको. तुम्ही पाहिलेले हवे.