निवृत्तीनंतरचा आयकर : अंदाज आणि वास्तव



तथागत भगवान बुद्धांनी कोलियांच्या दीघजाणू या गृहस्थाला केलेला उपदेश व्यग्घपज्ज सुत्त या नावाने आपल्या परिचयाचा आहे. कष्टाने मिळविलेल्या धनाचे रक्षण करावे आणि आय-व्यय जाणून समतोल जीवन जगावे, असे तथागतांनी त्यात सांगितले. निवृत्त होऊन मायदेशी परतणाऱ्या आपल्या बांधवांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींचा आज कस लागत आहे.

सौदी अरेबियात वेतनावर आयकर नाही. जुबैल, दम्माम, रियाध, जेद्दा येथे वीस-पंचवीस वर्षे राबलेल्या आपल्या माणसाला इकाम्याचे नियम तोंडपाठ असतात. आयकराचे विवरणपत्र मात्र त्याने बहुधा कधी भरलेले नसते. त्यामुळे फायनल एक्झिटनंतर सल्लागार, बँकेतील कर्मचारी किंवा संगणक जो आकडा सांगेल, तोच अंतिम मानला जातो. आमचे सांगणे एवढेच आहे की, तो आकडा म्हणजे एक अंदाज असतो. तो कोणत्या गृहीतांवर उभा आहे हे तपासल्याशिवाय एक रुपया भरू नये आणि एक रुपया सोडूही नये.

एक उदाहरण घेऊ. बासष्ट वर्षांच्या एका गृहस्थाला आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये एनआरओ ठेवींवर ७ लाख रुपये व्याज मिळाले. अन्य उत्पन्न नाही. बँकेच्या दप्तरी ते अनिवासी असल्यास व्याजातून ३१.२ टक्के, म्हणजे २,१८,४०० रुपये कापले जातात. नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही व पुढील ४ लाखांवर ५ टक्के कर आहे. म्हणून ते खरोखरच अनिवासी असले, तरी उपकरासह त्यांचा कर १५,६०० रुपयेच होतो. ते भारतात १८२ दिवस वा अधिक राहून निवासी ठरले असतील, तर १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मिळणाऱ्या करसवलतीमुळे त्यांचा कर शून्य होतो, कारण ही सवलत फक्त निवासी व्यक्तीलाच आहे. उत्पन्न एकच, आकडे मात्र तीन! कापलेली रक्कम म्हणजेच कर, असे समजून जो विवरणपत्र भरत नाही, त्याची दोन लाखांहून अधिक रक्कम परत मिळायची राहून जाते.

चूक उलट दिशेनेही होते. अनिवासी असताना एनआरई ठेवीवरील व्याज करमुक्त असते. कायमचे परतल्यावर ही सूट संपते, आणि बँकेला कळवून ते खाते निवासी अथवा आरएफसी खात्यात बदलून घ्यावे लागते. ‘गल्फचा पैसा करमुक्त’ या समजुतीवर जे विसंबून राहतात, त्यांना पुढे करासह व्याजही भरावे लागते. याउलट, अनिवासी असताना मिळून प्रथम सौदीतील खात्यात जमा झालेली सेवासमाप्तीची रक्कम नंतर भारतात आणली, म्हणून ती नवे उत्पन्न ठरत नाही. तिच्यावर मात्र काही अंदाजांत कर धरलेला दिसतो. तसेच मागील दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्या व्यक्तीला परतल्यानंतर आरंभी ‘सामान्यतः निवासी नसलेला’ हा दर्जा मिळतो व सौदीतील ठेवींचे तेथेच जमा होणारे व्याज त्या काळात भारतात करपात्र नसते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साठ वर्षे पूर्ण झालेल्या, व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीला अग्रिम कर भरावा लागत नाही. म्हणून त्यापोटी व्याज दाखविणारा अंदाज चुकीचा असतो. दुसरे असे की, भूखंड विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरील कराला वरील करसवलत लागू होत नाही. १२ लाखांच्या आत आहोत म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने हे विसरू नये.

आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणातही संयुक्त खात्याचे सर्व व्याज एकाच्याच नावे लागलेले किंवा एकच रक्कम दोनदा आलेली आढळू शकते. ते विवरण बँकेच्या दाखल्याशी पडताळून पाहावे व चूक असल्यास तेथेच हरकत नोंदवावी; तशी सोय आहे. जुने पासपोर्ट टाकून देऊ नयेत. दिवसांची मोजणी त्यांतील शिक्क्यांवरून सिद्ध होते. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा घेत असल्याने दर व नमुने प्रतिवर्षी नव्याने पाहावेत.

बंधू-भगिनींनो, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर आणि १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ सिद्ध केले. सरकारच्या हिशेबालाही प्रश्न विचारता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांनी घडविलेल्या संविधानाचा अनुच्छेद २६५ कायद्याच्या आधाराविना कर घेण्यास मनाई करतो. म्हणून कायद्याने देय असलेला कर प्रामाणिकपणे भरणे हे आपले कर्तव्य आहे, आणि देय नसलेला परत मागणे हा आपला हक्क आहे. आकडा सांगणाऱ्याला आपण तीन प्रश्न विचारू या : आम्हाला निवासी धरले की अनिवासी? कोणत्या खात्याचे व्याज धरले? कापलेला कर वजा केला काय? आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी मायदेशी परतणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याजवळ बसून एवढे तपासले, तरी वाळवंटात गाळलेल्या घामाचे रक्षण होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!