काळ्या रेघेचे ओढे
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात माणसे विरळ आणि तळी लाखोंनी आहेत. जमिनीखालचा थर बारमाही गोठलेला असल्याने पाणी मुरत नाही, ते तळ्यांत साचते. विमानातून आणि उपग्रहांवरून घेतलेल्या छायाचित्रांवरून त्यांचे नकाशे होतात. तो थर वितळला की एखादे तळे निचरून नाहीसेही होते. म्हणून तिथला नकाशा पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.

आपल्या जालना जिल्ह्यात अडचण वेगळी आहे. इथला ओढा वर्षातून मोजकेच दिवस वाहतो. मे महिन्यात तो उपग्रहाला दिसणार कसा? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत पाणी निळ्या रंगात आणि कोरडे प्रवाह काळ्या रेघेने दाखवतात. आपले बहुतेक ओढे या काळ्या रेघेचे! कुंडलिका दुधनेला, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते, हे आपल्याला ठाऊक असते. पण कुंडलिकेला पाणी पोचवणाऱ्या लहानशा ओहोळांची नोंद कोण ठेवतो?

देशातील जलसाठ्यांची पहिली गणना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. देशात २४ लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात ९७,०६२ जलसाठे मोजले गेले. काम मोलाचे आहे. मात्र त्यात तळी, तलाव, बंधारे आले. मोकळे वाहणारे ओढे-नाले आले नाहीत. जे नोंदीत नाही, ते हळूहळू नांगराखाली जाते. मग मोठा पाऊस झाला की पाणी जुनीच वाट शोधते आणि खालच्या शेताची माती घेऊन जाते.

शेततळ्यांचेही तसेच. वरून निळा ठिपका दिसतो. पण प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात विहिरीचेच पाणी उपसून भरले असेल, तर गावाचे पाणी वाढले असे कसे म्हणावे?

जालना तालुक्यातील कडवंचीत १९९६ पासून पाणलोटाचे काम झाले, ते माथ्यापासून पायथ्याकडे. पाणी कुठून निघते आणि कुठे जाते, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी उपग्रह हवाच असे नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर जाणत्या माणसांना सोबत घेऊन शिवारफेरी करावी, गावनकाशावर गट नंबरांसह प्रत्येक ओहोळ आखावा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवावा. ओढ्याची वाट बुजवण्याआधी निदान तो नकाशा उघडून पाहिला जाईल.