कपात निवडणुकीला उभी राहत नाही

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



२०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर आपल्यापैकी प्रत्येकीला दोन प्रश्न विचारले गेले असतील. बायका दीड हजाराला विकल्या गेल्या का, हा एक. पक्ष फुटले म्हणून निकाल असा लागला का, हा दुसरा. पहिला प्रश्न अपमानाचा आहे. कारखानदाराला करात सवलत मिळाली आणि त्याने सरकार पक्षाला मत दिले, तर तो विकला गेला असे कोणी म्हणत नाही. त्याचे हित त्याला कळते म्हणतात. बाईने तेच केले की ती भोळी किंवा लोभी ठरते.

म्हणून मी प्रश्न वेगळा मांडणार आहे. जे द्यायचे ते निवडणुकीच्या आधी जाहीर होते आणि जे काढून घ्यायचे ते निवडणुकीनंतर काढून घेतले जाते. हे असे का चालते, आणि पक्षफुटीचा त्याच्याशी काय संबंध आहे?

आधी घटनांचा क्रम पाहू. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. एका नावाचे दोन पक्ष झाले. धनुष्यबाण एकीकडे, मशाल दुसरीकडे. घड्याळ एकीकडे, तुतारी फुंकणारा माणूस दुसरीकडे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात पिपाणीचे चिन्ह असलेल्या अपक्षाला सुमारे ३७ हजार मते पडली, आणि तिथे हार-जीत सुमारे ३३ हजारांनी ठरली. चिन्हांचा गोंधळ किती महाग पडतो हे तिथे दिसले.

त्या लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला. राज्यातल्या ४८ पैकी महायुतीला १७ जागा मिळाल्या, महाविकास आघाडीला ३०. महिना उलटायच्या आत, २८ जूनच्या अर्थसंकल्पात, 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. वार्षिक अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या बाईला दरमहा १५०० रुपये. सुरुवातीला अटी होत्या, पण काही दिवसांतच त्या सैल झाल्या. वयाची मर्यादा ६० वरून ६५ वर गेली. पाच एकर जमिनीची अट निघाली. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, असे ठरले. ऑक्टोबरच्या मध्यावर आचारसंहिता लागायच्या आत नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते, म्हणजे ७५०० रुपये, खात्यात पोचले होते.

पक्षफुटीचा संबंध इथे येतो. पक्ष एकसंध असतो तेव्हा बाईचे मत बहुतेक वेळा शाखा, साखर कारखाना, भावकी, घरातला कर्ता या साखळीतून जाते. फुटीने ही साखळी जागोजागी तुटली. एकाच वस्तीतले दोन पुढारी दोन सेनांमध्ये गेले. मग सरकारला मधल्या माणसावर विसंबून राहणे परवडेना, आणि त्याने थेट बाईच्या बँकखात्याची वाट धरली. सत्तेतल्या तीन पक्षांनाही आपापले खाते वेगळे ठेवायचे होते. अजित पवारांच्या पक्षाच्या जाहिरातींत योजनेच्या नावातला 'मुख्यमंत्री' हा शब्द गळला, तेव्हा शिंदे यांच्या पक्षाने हरकत घेतली. बहिणीचा भाऊ कोण, यावर भावांचेच भांडण!

याची दुसरी बाजूही मी नाकारत नाही. आपल्या नावावरच्या खात्यात, नवऱ्याला न विचारता काढता येतील असे पैसे अनेक जणींना आयुष्यात पहिल्यांदा मिळाले. औषध आणता आले, मुलीची फी भरता आली. मतदानालाही बाया जास्त संख्येने बाहेर पडल्या. २०१९ मध्ये त्यांचे मतदान सुमारे ५९ टक्के होते, ते २०२४ मध्ये सुमारे ६५ टक्के झाले. त्यांचे मत मोलाचे झाले, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण मोल वाढले म्हणून हक्क मिळाला का? महायुतीने २१०० रुपयांचे आश्वासन दिले, आघाडीने ३००० चे. बोली वाढत गेली. हा पैसा कायद्याने देऊ, कोणत्याही सरकारला तो मनाला येईल तेव्हा थांबवता येणार नाही, असे दोघांपैकी कोणी ठासून मांडले नाही.

निकालात महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. त्यानंतरची हकीकत तुम्हाला माहीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ५ लाख बाया अपात्र ठरल्या. मार्चच्या अर्थसंकल्पात २१०० चा पत्ता नव्हता. वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असे आधी सांगितले होते, तिथे ३६ हजार कोटींची तरतूद झाली. जुलैमध्ये २६ लाखांहून अधिक जणींचा लाभ स्थगित झाल्याचे सांगण्यात आले. १४ हजारांवर पुरुषांनी पैसे घेतल्याचेही उघड झाले. ते थांबलेच पाहिजे. पण त्या पुरुषांच्या आडून लाखो बायांना संशयित ठरवणे आपल्याला मान्य नाही. आधी आकडा कमी करायचा आणि त्यात बसेपर्यंत नावे गाळायची, असे चालले आहे का, हे विचारणे आपले काम आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात या योजनेसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा मिळून सुमारे ७४६ कोटींचा निधी वळवला गेला. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. मंत्री शिंदे गटाचे, अर्थखाते तेव्हा अजित पवारांकडे होते. बातम्या रंगल्या त्या गटांच्या कुरबुरीच्या. दलित आणि आदिवासी मुलींच्या वसतिगृहांचे, शिष्यवृत्तीचे काय होणार, हा प्रश्न मागे पडला. पक्षांतल्या भांडणाचा हा दुसरा उपयोग: कपात झाकली जाते.

आता कपात कोणावर पडते ते पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. आमच्या वस्तीतल्या बैठकीत मी विचारले, नवऱ्याने टाकलेल्या किती जणी आहेत? नऊ हात वर झाले. त्यांपैकी एकीकडेही घटस्फोटाचा कागद नव्हता. नवरा कुठे आहे हेच माहीत नाही, तर त्याचा आधार क्रमांक कुठून आणायचा? पुढे ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद चालतील असे ठरले, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. पण परित्यक्तेकडे दोन्ही कागद नसतात. योजनेच्या पात्रतेत परित्यक्ता हा शब्द आहे, आणि पडताळणीत तीच अडकते.

निराधार विधवेचे पाहा. संजय गांधी निराधार योजनेचे १५०० मिळतात म्हणून तिला हे १५०० नाहीत. शेतकरी सन्मानाचे महिन्याला हजार पडणाऱ्या बाईला इथून फक्त ५०० मिळतात. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने वजा होते.

आणि हे सगळे एकेकीच्या मोबाईलवर घडते. गावात यादी लागत नाही, कारण सांगणारे पत्र येत नाही, फक्त पैसे आल्याचा मेसेज येत नाही. आपलेच काही चुकले असेल असे समजून बाई गप्प बसते. रेशन दुकानात धान्य आले नाही तर रांगेतल्या साऱ्या जणी मिळून ओरडतात. इथे रांगच नाही.

कपात मतदानाच्या आधी उघडी पडली तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना आहे. तिच्या लाभार्थींत निम्म्याहून अधिक बाया आहेत. २०११ मध्ये पॉल रायन यांच्या आराखड्याने असे सुचवले की तेव्हा ५५ वर्षांखाली असलेल्यांना पुढे या योजनेऐवजी खासगी विमा घेण्यासाठी ठरावीक मदत द्यावी. १५ एप्रिलला प्रतिनिधिगृहात तो २३५ विरुद्ध १९३ मतांनी संमत झाला. पुढे तो कायदा झाला नाही, पण कोणी हात वर केला हे नावानिशी नोंदले गेले. त्यानंतर २४ मे रोजी न्यूयॉर्क राज्यात बफेलो आणि रॉचेस्टर यांच्यामधल्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. रिपब्लिकन पक्षाचा तो जुना गड. त्यांच्या उमेदवार जेन कॉर्विन यांनी आराखड्याला पाठिंबा दिला होता. डेमोक्रॅट कॅथी होकुल यांनी प्रचार त्याच मुद्द्यावर नेला. त्यांना सुमारे ४७ टक्के मते मिळाली, कॉर्विन यांना ४२. टी पार्टीच्या नावाने उभे राहिलेल्या जॅक डेव्हिस यांनी ९ टक्के घेतली.

मग तिथेही वाद झाला. एकजण म्हणाला, कपातीने हरवले. दुसरा म्हणाला, मते फुटली म्हणून हरले. मला वाटते, दोन्ही खरे. फुटीने दार किलकिले केले, पण त्यातून काय आत येते हे बाहेर कोणता प्रश्न उभा आहे त्यावर ठरते. तिथे कपातीचा प्रश्न उभा होता. आपल्याकडे फुटीच्या दारातून बोली आत आली.

१९७२ च्या दुष्काळानंतर खडी फोडणाऱ्या बायांच्या मोर्चांचाही रेटा होता, म्हणून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम द्या, नाहीतर भत्ता द्या, असे म्हणता आले ते कायद्यामुळे. कायदाही बदलता येतो. पण त्यासाठी सभागृहात उभे राहावे लागते, लोकांच्या डोळ्यांदेखत. शासन निर्णय एका रात्रीत बदलतो.

म्हणून तीन कामे ठरवू. पहिले, आपापल्या गावात, वस्तीत, पैसे थांबलेल्या बायांची यादी करायची, कारणासकट, आणि ती ग्रामसभेत किंवा प्रभागातल्या बैठकीत मोठ्याने वाचायची. दुसरे, लेखी कारण आणि सुनावणी याशिवाय कोणाचाही लाभ थांबवू नये, आणि परित्यक्तेसाठी ग्रामसभेचा किंवा प्रभागातल्या पंचनाम्याचा दाखला ग्राह्य धरावा, ही मागणी तहसीलदारापासून मंत्र्यापर्यंत न्यायची. तिसरे, पुढच्या प्रत्येक निवडणुकीत, चिन्ह कोणतेही असो, उमेदवाराला किती देणार हे विचारण्याआधी कोणाचे काढणार ते विचारायचे, आणि उत्तर लिहून घ्यायचे.

याद्या करायला आजच्या गटचर्चेपासूनच सुरुवात करू. प्रत्येक गटाने निदान दहा नावे कारणासह संध्याकाळच्या सत्रात मांडावीत, एवढी माझी विनंती आहे.