अंबानगरीच्या मातीवर आपले स्वागत



अंबादेवी आणि एकवीरादेवी यांच्या चरणी वंदन करून समस्त अमरावतीकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. सामुदायिक क्रीडाविकासातील संशोधन आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड घालणारी ही परिषद आपल्या गावी व्हावी, अशी आमची फार दिवसांची इच्छा होती. ती आज फळाला आली.

1897 साली राष्ट्रीय काँग्रेसचे तेरावे अधिवेशन याच गावी भरले. अध्यक्ष होते चेट्टूर शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष होते आमचे दादासाहेब खापर्डे. ज्या गावात दादासाहेबांनी देशभरच्या पाहुण्यांचे आगतस्वागत केले, त्या गावात स्वागताध्यक्ष म्हणून बोलायला उभे राहताना ऊर भरून येतो आणि जबाबदारीचे भानही येते.

आपण ज्या भूमीत आला आहात तिची थोडी ओळख करून देण्याची परवानगी द्यावी. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडिण्यपूर याच जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी आहे. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले ते अंबादेवीच्या देवळातून, असे आमच्या आज्या सांगत आल्या. जुन्या गावाभोवतीचा दगडी परकोट आणि नागपुरी गेट आपण जाता-येता पाहालच. इथल्या कापसाच्या बाजाराने एकेकाळी वऱ्हाडचे नाव सातासमुद्रापार नेले. याच अंबादेवीचे दार सर्वांना उघडावे म्हणून 1927 मध्ये सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख तिच्या अग्रभागी होते आणि त्या वर्षीच्या परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः इथे आले होते. हातात खराटा घेऊन गावे झाडणारे गाडगेबाबा इथेच चिरविश्रांती घेत आहेत आणि आमचे विद्यापीठ त्यांचेच नाव अभिमानाने मिरवते. तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरीही इथून जवळच आहे.

पण या परिषदेच्या निमित्ताने मला मुख्यतः बोलायचे आहे ते श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाबद्दल. अमरावतीकर त्याला नुसते ‘मंडळ’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला दुसरे काही सांगावे लागत नाही. 1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ते सुरू केले. पारतंत्र्याचा काळ होता. गावातल्या पोराने लाठी फिरवावी, मल्लखांबावर चढावे, जोर-बैठका काढाव्यात आणि ताठ मानेने जगावे, एवढा साधा त्यांचा हेतू होता. हुतात्मा राजगुरू काही काळ याच मंडळात होते, ही आठवण इथल्या प्रत्येक घरात जपलेली आहे. लोकांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या या संस्थेत पुढे शारीरिक शिक्षणाचे वर्ग सुरू झाले आणि 1967 मध्ये पदवी महाविद्यालयही निघाले. इथे शिकलेले क्रीडाशिक्षक आज अनेक राज्यांतल्या शाळांत शिट्टी वाजवीत उभे आहेत.

1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचे पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली जर्मनीला गेले आणि तिथे त्याने कबड्डी, मल्लखांब अशा भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. वऱ्हाडातल्या तालमीत घडलेली ही मुले बोटीने समुद्र ओलांडून गेली आणि जगाने त्यांच्याकडे टक लावून पाहिले. त्यांतल्या किती जणांची नावे आज आपल्या पोरांना ठाऊक आहेत? निदान डॉ. काण्यांचे नाव तरी या गावातल्या प्रत्येक शाळेत पोचले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

आणखी एका थोर पुरुषाचे स्मरण केल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन हे होमिओपॅथीचे डॉक्टर. मंडळाच्या वाढीला त्यांनी फार मोठा हातभार लावला आणि स्वातंत्र्याच्या सुमारास गावाबाहेर ‘तपोवन’ उभे केले. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांना त्यांनी तिथे निवारा दिला, हातांना काम दिले आणि मान दिला. 1959 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तालीम आणि तपोवन ही दोन्ही कामे त्यांनी एकाच ओढीने केली, कारण माणूस आपल्या पायावर उभा राहावा हेच दोन्हींमागचे प्रयोजन होते. सामुदायिक क्रीडाविकासाची याहून सुंदर व्याख्या मला तरी माहीत नाही.

मित्रहो, आपल्या विषयातला मी अधिकारी नाही. तरी एक गोष्ट आपल्यापुढे ठेवतो. मंडळ निघाले त्याच 1914 साली पुण्यात डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम लिहिले गेले. हुतूतूचे, म्हणजेच कबड्डीचे, नियम 1918 मध्ये साताऱ्यात ठरले आणि 1923 मध्ये बडोद्याला त्या खेळाच्या स्पर्धा झाल्या. गावोगाव वेगवेगळ्या रीतीने खेळल्या जाणाऱ्या खेळांकडे जाणत्या माणसांनी बारकाईने पाहिले, मापे घेतली, वाद घातले, नियम मैदानावर खेळवून पाहिले आणि मग कागदावर उतरवले. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले, तेही तालमीतल्या माणसाला वाचता यावेत म्हणून. त्या पिढीचा अभ्यासक तालमीत जात होता आणि वस्ताद नियमावली वाचत होता. म्हणूनच गल्लीतला हुतूतू 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांपर्यंत पोचला. आज विद्यापीठात प्रबंध लिहिले जातात आणि मैदानावर मुले खेळतात, पण दोघांची भेट क्वचितच होते. मेळघाटातली कोरकू मुलगी सातवीनंतर मैदानावर का दिसत नाही, एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात सराव किती वाजेपर्यंत घ्यावा, वस्तीतले एकुलते एक मैदान कसे वाचवावे, हे आमच्या क्रीडाशिक्षकांचे रोजचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे त्यांच्यासोबत बसून आपण शोधावीत, ही माझी हात जोडून विनंती.

आता व्यवस्थेविषयी. दोन दिवसांत येणारी माणसे अपेक्षेपेक्षा बरीच वाढली, त्यामुळे निवासाची सोय वेगवेगळ्या ठिकाणी करावी लागली. काहींना वरच्या मजल्यावर खोल्या मिळाल्या आहेत. ज्येष्ठांनी कार्यालयात नुसता शब्द टाकावा, बदलून देऊ. बडनेरा स्थानकावर रात्री-बेरात्री उतरलेल्या पाहुण्यांना वाहनासाठी थांबावे लागले असेल, त्याबद्दल मी क्षमा मागतो. गरम पाण्याची वेळ पहाटे साडेपाच ते आठ अशी आहे. सभागृहात उकाडा जाणवेल, म्हणून जादा पंखे आणि थंड पाण्याचे माठ ठेवले आहेत. जेवणात वऱ्हाडी रोडगे आणि वांग्याची भाजी, सकाळी गिलावडा आणि सांबारवडी आहे. तिखट न चालणाऱ्यांसाठी वेगळी पंगत आहे. काही उणे राहिले तर ते पोटात घालावे आणि आम्हाला जरूर सांगावे.

हा सोहळा अनेकांच्या दातृत्वावर उभा आहे. मंडप आणि ध्वनिव्यवस्थेचा भार कापूस बाजारातल्या व्यापारी मंडळींनी उचलला. किराणा व्यापाऱ्यांनी तेल, डाळ, तांदूळ मोबदला न घेता पाठवले. वरूड-मोर्शीच्या बागाईतदारांनी संत्र्यांचा रस पुरवण्याचे कबूल केले. शाळांनी खोल्या दिल्या, महिला बचतगटांनी स्वयंपाकघर सांभाळले, रिक्षाचालक बंधूंनी पाहुण्यांसाठी फेऱ्या केल्या, तर महानगरपालिकेच्या सफाई कामगारांनी पहाटेपासून परिसर झाडून लख्ख केला. परगावी नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी निधी पाठवला. नाव घेऊ नका, असे बजावून ज्यांनी मोठी रक्कम हाती ठेवली, त्यांच्या इच्छेचा मान राखून त्यांना इथूनच नमस्कार करतो. रात्रंदिवस राबणाऱ्या स्वयंसेवक मुला-मुलींचे ऋण तर शब्दांत फिटणारे नाही.

स्वागत समितीने एक ठराव केला आहे, तो आपल्यापुढे जाहीर करतो. इथे वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक निबंधाचा सोप्या मराठीतला सारांश आम्ही छापणार आहोत आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक तालमीला, क्रीडामंडळाला आणि शाळेला तो पोचवणार आहोत. लेखकांनी आपापला सारांश निघण्यापूर्वी कार्यालयात द्यावा. छपाईच्या खर्चाची तजवीज झाली आहे.

उद्घाटक महोदयांनी दीपप्रज्वलन करून परिषदेला आरंभ करून द्यावा, अशी विनंती करतो आणि आपणा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करून माझे भाषण पूर्ण करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!