बंद रुळांच्या वाटेवर सायकल

मी हिवरे बाजारहून बोलतेय. एरवी मी आले की मासिक बैठक, हप्ते, नोंदवह्या हेच चालू होतं. आज सायकलीवर बोलणार आहे. हसू नका. यात माझ्या लेकीचा प्रश्न आहे, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या लेकींचाही असेल.

सुरुवात माझ्या मावशीपासून करते. तिची मुलगी आयर्लंड देशात वॉटरफर्ड या शहरात नोकरीला आहे. गेल्या वर्षी नातवंडांना सांभाळायला मावशी तीन महिने तिकडं गेली होती. एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागं नदी वाहतेय, मोठी नात सायकलवर पुढं पळतेय, आणि जावयांनी सायकलच्या मागं छोटा गाडा जोडून त्यात धाकट्याला बसवलंय. मावशी म्हणाली, "अगं, ही रेल्वेची लाईन आहे." मी म्हटलं, "मग रूळ कुठायत?"

रूळ काढून टाकलेत. वॉटरफर्डपासून डनगार्वन गावापर्यंत 1878 मध्ये ही रेल्वे सुरू झाली. 1967 मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, 1982 पर्यंत थोडी मालवाहतूक चालली, मग तीही बंद. पुढं बरीच वर्षं तिथं नुसती झाडी माजली होती. शेवटी तिथल्या नगर-जिल्हा परिषदेनं ती वाट साफ केली, डांबर टाकलं आणि मार्च 2017 मध्ये चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना खुली केली. 46 किलोमीटर सलग वाट! सुरुवातीला सुइर नावाच्या नदीच्या काठानं जाते. तेवढ्या भागात शेजारून एक छोटी, हौसेची आगगाडीही धावते. पुढं रेल्वेचे जुने दगडी पूल लागतात, आणि बॅलीव्हॉइल नावाचा 400 मीटरचा बोगदा. बोगद्यात मंद दिवे आहेत. मावशीची नात तिथं मुद्दाम ओरडते, आवाज घुमतो म्हणून. शेवटी समुद्र दिसतो.

मला मात्र पूल-बोगद्यापेक्षा दुसरीच गोष्ट आवडली. रेल्वेला चढ झेपत नाही. म्हणून लाईन टाकतानाच डोंगर खोदून, खोलगट जागी भराव घालून वाट जवळजवळ सपाट केलेली असते. शंभर मीटर गेल्यावर फार तर मीटर-दीड मीटर चढायचं. इंजिनासाठी केलेली ही सोय आता सहा वर्षांच्या पोरीला आणि साठीच्या बाईला कामी येते. त्यात मोटारगाड्यांना तिथं मज्जाव. स्पेननंही 1993 पासून असंच चालवलंय. तिकडं बंद रेल्वेच्या अशा तीन हजार किलोमीटरहून जास्त वाटा झाल्यात.

तर त्या वाटेवर माझी मावशी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी सायकल शिकली. भाड्याची सायकल घेतली, सीट इतकी खाली केली की दोन्ही पाय जमिनीला टेकावेत, आणि दोन रविवार पायडलला पाय न लावता नुसती पायानं ढकलत गेली. तोल सापडल्यावर मग पायडल. मी विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणाली, "पडले तर पडले. इथं बघायला कोण ओळखीचं आहे?"

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आपल्याला पडायची भीती कमी आणि कोणी बघेल याची जास्त.

आपल्याकडे अशी वाट कुठं होईल, असं तुम्ही विचाराल. बंद लाईन आपल्या महाराष्ट्रातही आहे. विदर्भातली शकुंतला रेल्वे तुम्ही ऐकली असेल. यवतमाळहून मूर्तिजापूर आणि तिथून अचलपूर, अडीच फुटी छोटी लाईन. इंग्रजांच्या काळात एका खाजगी कंपनीनं वऱ्हाडचा कापूस न्यायला ती टाकली. मँचेस्टरहून आणलेलं वाफेचं इंजिन तिथं 1994 पर्यंत धावत होतं. त्याच्या जागी डिझेल आलं, आणि आता काही वर्षं गाडीच बंद आहे. मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाताना ही लाईन पूर्णा नदी ओलांडते.

एका प्रशिक्षणाला मी तिकडं गेले होते, तेव्हा ते रूळ पाहिले. गवतात बुडालेले. मी मोठ्या उत्साहानं तिथल्या गटातल्या बायकांना मावशीच्या वाटेचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक जण म्हणाली, "ताई, आम्हाले आमची गाडी पाहिजे. तिचं तिकीट गरिबाले परवडत होतं." मी गप्प बसले. तिचं बरोबर होतं. जिची रोजची गाडी गेली तिला हौसेची सायकल दाखवणं म्हणजे भुकेल्याला सुपारी देणं. पण मला वाटतं ते सांगते. गाडी येईल तेव्हा येवो, तोवर ती पट्टी सलग राहिली पाहिजे. वॉटरफर्डची वाट झाली ती जमीन तुकड्या-तुकड्यानं विकली गेली नव्हती म्हणून. लाईनची जागा एकदा गेली, की ना गाडी येणार ना सायकल.

आता माझ्या घरचं. आमच्या गावातून रेल्वे जात नाही. माझी लेक आठवीत आहे. मागच्या पावसाळ्यात ती सायकलवर निघाली होती. मोठ्या रस्त्याला लागताना मागून भरधाव डंपर आला. तिनं घाबरून सायकल कडेच्या चारीत घातली. कोपराला पाच टाके पडले. देवाची कृपा, एवढ्यावर भागलं. आमचे हे म्हणाले, "सायकल बंद. मी सोडत जाईन." सासूबाईंनीही तेच म्हटलं. मीही मान हलवली, खोटं कशाला बोलू? सायकल पडवीत खुंटीला टांगली गेली.

पुढं काय झालं ऐका. हे बाहेरगावी गेले की लेक घरी. मोटारसायकल पंक्चर झाली की लेक घरी. एका महिन्यात चार दिवस शाळा बुडली. दहावीनंतर नगरला कॉलेजला जायचं म्हणते, तेव्हा कोण सोडणार आहे? "सोडायला कोणी नाही" म्हणून किती मुलींचं शिक्षण थांबलं, ते आपल्या गटातच मोजा.

मी हा विषय बैठकीत काढला. आमच्या गावानं 1990 नंतर श्रमदानानं बंधारे बांधले, डोंगरावर चर खणले, तिथं सायकलीला वाट सापडणार नाही? पाझर तलावाकडे जाणारा रस्ता सकाळी मोकळा असतो. ठरलं, रविवारी सहा ते आठ. गटाच्या पैशातून तीन जुन्या सायकली घेतल्या. एक अट मात्र घातली. प्रत्येकीनं घरातला एक पुरुष आणायचा, सायकल मागून धरायला. याचा फायदा असा झाला की बघून हसायला कोणी उरलंच नाही. जे हसले असते ते घामाघूम होऊन मागं पळत होते.

मला शिकवायला आमच्या ह्यांना आणलं होतं, पण ते ओरडतात फार. लेक बांधावर बसून बघत होती. तिसऱ्या रविवारी ती उठली, म्हणाली, "आई, पप्पांना जमत नाही. तू माझ्याकडे बघ." आणि स्वतः सायकलवर बसून दाखवलं. टाके पडल्यावर पहिल्यांदा. हे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर तिच्या सायकलच्या चाकात हवा भरत बसले.

तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतरच्या काही वर्षांत साक्षरता मोहिमेतून हजारो खेड्यातल्या बायका सायकल शिकल्या. त्यांच्याकडे खास वाट नव्हती, पण त्या घोळक्यानं निघायच्या. आम्हीही आता मुलींचा घोळका करून मोठा रस्ता ओलांडायचं ठरवतोय. तिथं गतिरोधक आणि पांढरे पट्टे मिळावेत म्हणून ग्रामसभेत अर्ज देणार आहोत. मसुदा तयार आहे, सह्या चालू आहेत.

ज्यांना रविवारी यायचंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. साडी असेल तर काष्टा घाला किंवा पदर-निऱ्या नीट खोचा, पण पंजाबी ड्रेस बरा. ओढणी चाकाजवळ नको. सीट खालीच ठेवा. लहान मूल पहिल्या महिन्यात सायकलवर बसवू नका, आधी स्वतःचा तोल येऊ द्या. आणि येताना पाण्याची बाटली आणा. सासूबाई या वेळी सगळ्यांसाठी थालीपीठं करून आणणार आहेत. मी शिकणार नाही म्हणतात, पण परवा पडवीत सायकलची घंटी कोण वाजवत होतं ते मी ऐकलंय.