झीलकरी हवेत

(मंडळाच्या लोकसंगीत विभागाच्या वतीने सुवर्णमहोत्सवी वर्षारंभी केलेले भाषण)



यंदा आपल्या मंडळाच्या रंगमंचावर येणाऱ्या लोककलावंतांचा परिचय करून देण्याचे काम कार्यकारिणीने आम्हांकडे सोपविले आहे. सभा तीन आहेत.

पहिली सभा नवरात्रात, गोंधळाची. संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी एवढ्या सामग्रीवर गोंधळी देवीचे आख्यान उभे करतात. आरंभी तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी अशी गावे घेऊन तेथील दैवतांना गोंधळाचे आमंत्रण देतात. लग्नानंतरचा गोंधळ हा आपल्यापैकी अनेकांचा कुलधर्म. परमुलखात गोंधळी मिळेना म्हणून तो कित्येक घरी सुटला. आपल्या कुलदैवताचे गाव मुलांच्या कानी त्या रात्री तरी पडावे.

दुसरी सभा भारुडाची. पैठणच्या एकनाथमहाराजांनी वासुदेव, जोशी, वाघ्या अशा गावात वावरणाऱ्या माणसांच्या तोंडी परमार्थ घातला. विंचू चावल्याचे सोंग पाहून मुले पोट धरून हसतील. तो विंचू कामक्रोधाचा आहे, हे घरी परतताना त्यांना सांगणे मात्र आपले काम.

तिसरी सभा पोवाड्याची, आणि ती आपलीच मुले करणार आहेत. १६५९ च्या अफजलखानवधावर अज्ञानदासाने पोवाडा रचला. विसाव्या शतकात अमर शेख (१९१६–१९६९) आणि अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी हीच कला गिरणी कामगारांपर्यंत नेली. विठ्ठल उमप २०१० साली गेले, शाहीर साबळे २०१५ साली. त्यांची परंपरा चालवायची तर नवे गळे हवेत.

मंडळाला शाहीर लाभला आहे. महाविद्यालयात शिकणारा एक तरुण डफ हाती घेऊन उभा आहे. अडले आहे ते झीलकऱ्यांपाशी. चार हवेत, आजवर एकच मिळाला. शाहिराच्या मागे उभा राहून 'जी जी' म्हणणारा तो झीलकरी, एवढीच आपली समजूत असते. वस्तुतः शाहीर दम घेतो तेव्हा सूर तोच सांभाळतो, मध्येच प्रश्न विचारून कथा पुढे ढकलतो. त्याच्यावाचून पोवाडा लंगडा.

मुले म्हणतात, "आमचे मराठी अडखळते." त्यांना आमचे सांगणे असे की, झील धरायला सबंध पोवाडा पाठ असावा लागत नाही, एक ओळ ठाम यावी लागते. त्या ओळीवर भाषा हळूहळू उभी राहते.

झीलकरी मिळाले नाहीत, तर महाराष्ट्रातून तयार फड बोलवावा लागेल. तो उत्तम गाईल, आपण टाळ्या वाजवू, आणि दुसऱ्या दिवशी फड गाडीत बसेल. आपला डफ पुन्हा कपाटात जाईल.

तालीम दर रविवारी सकाळी याच सभागृहात आहे. येत्या रविवारी घरातील एकेक मूल पाठवावे, आणि जमल्यास आपणही मागे उभे राहावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.